लुसैलच्या लॉबीतलं गलबत

दोह्याहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "स्टेडियम बघितलंस काय?" बघितलं, पण लांबून. लुसैलच्या रस्त्याने जाताना भला मोठा सोनेरी वाडगा जमिनीवर ठेवल्यासारखं दिसायचं. आत कुणी नेलं नाही आणि मीही कुणाच्या मागे लागलो नाही. वर्ल्ड कपला अजून अवकाश होता, सगळीकडे क्रेन उभ्या होत्या. ज्याला काही विचारावं तो म्हणायचा, "वर्ल्ड कपच्या आधी होईल, इन्शाल्ला." मी तिथे फुटबॉलसाठी गेलो नव्हतो. दोन जहाजांचे दोर बांधायला गेलो होतो, आणि त्यातल्या लहान जहाजाच्या नावासाठी भांडून आलो. रोज पारावर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

माझी वेंगुर्ल्याला लाकडी जहाजांच्या प्रतिकृती बनवायची शेड आहे. सुरुवात मी मच्छीमारांच्या होड्यांना डांबर आणि रंग लावण्यापासून केली. शाळा सातवीत सुटली. इंग्रजी गिऱ्हाइकांकडून शिकलो, त्यामुळे त्यात घासाघीस भरपूर आणि व्याकरण बेताचं. मी तापट आहे असं लोक म्हणतात. मी म्हणतो, ज्याने कधी वडिलांच्या नावावर उधार घेतलं नाही त्याला एवढा ताप परवडतो.

लुसैलच्या एका नव्या हॉटेलने आमच्याकडे दोन जहाजं सांगितली. एक युरोपातलं तीन डोलकाठ्यांचं, माणसापेक्षा उंच, आणि दुसरं आमच्याकडचं गलबत, माझ्या हाताएवढं. हॉटेलच्या ऑफिसातला विन्सेंट हा वसईचा, चांगलं मराठी बोलणारा. त्याने फोनवर सांगितलं होतं, "काका, त्यांना नुसती जहाजं नकोत. जोडी हवी, आणि जोडीला गोष्ट हवी."

गोष्ट आमच्या खाडीतच होती. लहानपणापासून ऐकलेली. कुठल्याशा राजाचा परवाना घेऊन एक खाजगी जहाज आमच्या किनाऱ्यावर फिरत होतं. ते राजाच्या आरमारातलं नव्हे. कुणा सावकाराने स्वतःच्या खर्चाने तोफा चढवून पाठवलेलं. राजाच्या शत्रूचा माल लुटायचा, राजाला वाटा द्यायचा, उरलेलं आपलं. आता आमचे नारळ आणि तांदूळ नेणारे मचवे त्या राजाचे शत्रू कधी झाले, ते देवाला ठाऊक. पण ते जहाज लुटायचं. आमच्या गावच्या तांडेलाकडे, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याकडे, एकच गलबत होतं, पुढे दोन तोफा आणि वल्ही मारणारे गडी. तो खडकांच्या आड थांबून राहिला. सकाळची मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा, सरते आणि समुद्राचा खारा वारा अजून सुटायचा असतो, त्या मधल्या वेळात वारा पडतो. मोठ्या जहाजाची शिडं लोंबली. वाऱ्याविना ते जहाज म्हणजे पाण्यात उभी केलेली इमारत. तांडेल वल्ह्यांवर निघाला आणि नेमका त्याच्या पाठीमागे जाऊन भिडला, कारण बाजूच्या तोफा पाठीमागे वळत नाहीत. त्याचं सुकाणू फोडलं. मग खारा वारा सुटला तेव्हा त्या जहाजाला तोंड फिरवता येईना. ते खडकांकडे वाहत निघालं आणि त्याने निशाण उतरवलं.

याचा कागद माझ्याकडे नाही. पण त्या खडकाला आजही आमच्याकडे तांडेलाचा खडक म्हणतात, आणि खडकाला खोटं नाव द्यायला कुणाला वेळ नसतो.

अबू हमूर

माझी भाची सुजाता दोह्यातल्या अबू हमूरला राहते. जावई महेशराव नाशिकचे, वेस्ट बेमध्ये इंजिनिअर. सकाळी गाडीतून जातात ते दिवे लागल्यावर परततात. त्या भागात गाडीशिवाय माणूस म्हणजे लंगडा. रुंद रस्ते, उंच भिंतींमागचे बंगले, पायी चालणारं कुणी नाही. आमच्याकडे कुणाच्या घरी काय शिजतं ते वासावरून कळतं. इथे भिंतीपलीकडे माणसं राहतात की नाही तेही कळेना.

पहिल्याच संध्याकाळी महेशरावांनी चहाला नेलं. टपरीसमोर गाडी लावली आणि नुसता हॉर्न वाजवला. वेटर धावत काचेपाशी आला आणि कागदी पेल्यात वेलचीचा दाट गोड चहा देऊन गेला. त्याला करक म्हणतात. मी म्हटलं, "वेंगुर्ल्यात हॉर्न वाजवून चहा मागितला तर चहावाला पातेलं घेऊन अंगावर येईल." महेशराव हसले आणि म्हणाले, "मामा, इथे हॉर्न म्हणजे ऑर्डर. उतरलात तर त्यालाच वाईट वाटतं."

दुसऱ्या दिवशी सुजाताबरोबर मासळी आणायला गेलो. तिथला हमूर मासा म्हणजे आपला गोबरा, हे तोंड बघताच ओळखलं. विकणारा बांगलादेशी, मी वेंगुर्लेकर, भाषा हिंदी. त्याने भाव सांगितला, मी हसलो. त्याने कल्ले उघडून दाखवले, मी डोळे बघितले. शेवटी तो म्हणाला, "चाचा, आप लेके जाओ, बस मेरे सामने से जाओ." सुजाता लाजून बाजूला उभी होती. "मामा, इथे सगळ्यांचे भाव लिहिलेले असतत," ती म्हणाली. मी म्हटलं, "लिहिलेला भाव म्हणजे बोलायची सुरुवात." त्या दुपारचं गोबऱ्याचं तिरफळ घातलेलं तिखलं मात्र तिने दोनदा वाढून घेतलं.

त्याच दिवशी सुजाताने तिथली एक रीत शिकवली. अरबी घरात कॉफी देतात ती टिचभर कपात, वेलची घातलेली, साखर नसलेली. कप रिकामा झाला की भरत राहतात. पुरे झालं की कप हातात धरून हलवायचा. "नाहीतर पीत बसशात रात्रभर," ती म्हणाली. हे लक्षात ठेवलं. पण कॉफी प्यायचीच नसेल तर काय करायचं, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

लुसैल

हॉटेलची लॉबी एखाद्या देवळाच्या सभामंडपाएवढी होती. बाहेर रस्ता खणलेला, आत संगमरवर. मधोमध काळ्या दगडाचा उंच चौथरा आणि त्यावर आमचं मोठं जहाज. डोलकाठ्या उभ्या होत्या, पण दोर आणि शिडं अजून पेटीत, ती बांधायचं काम माझं. गलबत शोधायला लागलो तर ते त्या जहाजाच्या मागे, खांबाजवळ, एका बुटक्या चौथऱ्यावर. शेजारी कुंडी. चौथऱ्यावर पितळेची पाटी.

"विन्सेंट, वाच."

विन्सेंटने पाट्यांवरून नुसती नजर फिरवली.

"अरे वाच ना!"

"काका, मोठ्याच्या पाटीवर लिहिलंय, राजाचं परवानाधारक जहाज. आणि ह्याच्यावर, चाच्यांची होडी."

माझं डोकं फिरलं. याला कारण आहे. गोव्यातला एक दुकानदार वर्षानुवर्षं माझी गलबतं 'पायरेट बोट' म्हणून विकत आला. मी त्याच्याशी तीनदा भांडलो, शेवटी माल देणं बंद केलं, तर त्याने दुसऱ्याकडून नकली बनवून घेतली आणि त्यावरही तेच लिहिलं. ज्या माणसांनी स्वतःची खाडी राखली ती चोर, आणि जो परमुलखातून लुटायला आला तो परवानाधारक. हा सल माझ्या मनात मुरलेला होता. तो समुद्र ओलांडून माझ्याआधीच इथे येऊन बसलेला बघितला.

सजावटीचं सगळं रीम मॅडमकडे होतं. मॅडम लेबनानच्या, चटपटीत, कामात वाघीण. त्यांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं, हे खरं. मग म्हणाल्या, "मिस्टर दत्ताराम, वर्ल्ड कपला इथे जगभरातली कुटुंबं येतील. पायरेट म्हटलं की मुलं धावत येतात, फोटो काढतात. होडी बिचारी लहान आहे, तिला काहीतरी आकर्षण नको का?"

"तिने मोठ्या जहाजाला हरवलं, हे आकर्षण नाही?"

"पण त्या मोठ्याकडे पेपर्स होते."

"लुटीचे पेपर्स!"

"पेपर्स ते पेपर्स. आणि टेक्स्ट अप्रूव्ह झालंय."

मी माझं हत्यार बाहेर काढलं. म्हटलं, "मग मोठ्या जहाजाचे दोर बांधणार नाही. दोर नाहीत म्हणजे शिडं नाहीत. नागडं उभं राहू दे तुमचं परवानाधारक." मला वाटलं, आता या नमतील. त्या जहाजाचे दोर बांधणारा मला दोह्यात दुसरा कुणी दिसत नव्हता.

मॅडम दोन पावलं मागे सरकल्या, मान तिरकी करून त्या उघड्या डोलकाठ्यांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "खरं सांगू? असंच छान दिसतंय. मिनिमल."

आयुष्यात अनेक सौदे तुटलेले बघितले, पण माझं अडवून धरणंच समोरच्याला आवडलं, असं पहिल्यांदा झालं. मी गलबत उचललं, मांडीवर घेतलं आणि लॉबीतल्या सोफ्यावर बसून राहिलो. सफाईवाले माझ्याभोवतीची फरशी पुसून गेले. तासाभराने विन्सेंट येऊन शेजारी टेकला.

"काका, असं बसून काही होणार नाही. मॅडमच्या वर एकच माणूस आहे."

"कोण?"

"मालक. अबू खालिद. संध्याकाळी त्यांची मजलिस भरते, म्हणजे बैठक. कुणीही जाऊन बसू शकतं. पण काका," त्याने हात जोडले, "तिथे आवाज चढवू नका. माझी नोकरी आहे."

"मी कधी आवाज चढवतो?" मी म्हटलं. दोन सफाईवाल्यांनी वळून बघितलं.

मजलिस

मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची नमाज झाल्यावर आम्ही पोचलो. लांबलचक खोली, भिंतीला लागून गाद्या आणि लोड, मधे गालिचा. पंधरा-वीस माणसं पांढऱ्या झग्यांत बसलेली. आम्ही आत शिरताच सगळे उठून उभे राहिले. कोण कुठला सुतार दत्ताराम, त्याच्यासाठी! आमच्याकडे सरकारी साहेब आला तरी अर्धे लोक खुर्चीतून मान हलवतात. हे बघून मी मनात ठरवलं की सबुरीने घ्यायचं.

अबू खालिद म्हातारे, बारीक अंगाचे, हातात काठी. त्यांचे वडील मोती काढणाऱ्या होड्यांचे नाखवा होते, असं विन्सेंटने गाडीत सांगितलं होतं. त्यांनी मला स्वतःशेजारी बसवलं, माझा हात हातात घेतला, खुशाली विचारली. मग हसून सगळ्यांना काहीतरी सांगितलं. माना डोलल्या.

"काय म्हणाले?"

विन्सेंट कुजबुजला, "तुमची ओळख करून दिली. म्हणाले, चाच्यांची होडी बनवणारा कारागीर तो हाच."

तेवढ्यात कॉफी देणाऱ्याने माझ्या हातात कप दिला. आमच्याकडे ज्या घरात अपमान होतो तिथे माणूस पाणीही पीत नाही. भांडायचं नसेल तर तांब्या पुढ्यात तसाच ठेवायचा, एवढ्याने समजणाऱ्याला समजतं. आवाज चढवणार नाही असा शब्द दिला होता, म्हणून मी तेवढंच केलं. कप ओठाला न लावता समोर गालिच्यावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

खोलीतलं बोलणं थांबलं. समोरच्याने हातातली माळ थांबवली.

"काका! काय केलंत?" विन्सेंटचा चेहरा उतरला.

"पिणार नाही म्हणजे नाही."

"तसं नाही हो! इथे पाहुण्याने न पिता कप खाली ठेवला म्हणजे त्याचं यजमानाकडे काहीतरी मागणं आहे. ते मान्य होईपर्यंत तो पीत नाही. आणि कप तसाच राहिला तर यजमानाची लाज जाते."

अबू खालिद माझ्याकडे बघत होते. ते एकच शब्द बोलले, "अब्शर."

"म्हणतायत, माग," विन्सेंट म्हणाला. "झालंच समज."

मी रागाने ठेवलेला कप माझ्या बाजूने बोलायला लागला होता. अशा वेळी तोंड बंद ठेवायचं, हे मला धंद्याने शिकवलं आहे. मनातल्या मनात जुळवाजुळव सुरू केली. पाटी बदलायची, गलबत पुढे आणायचं, मोठं जहाज खालच्या चौथऱ्यावर न्यायचं.

"विन्सेंट, तीन मागण्या आहेत म्हणून सांग."

"एकच, काका! कप एक, मागणं एक."

खरी गोची तिथे झाली. नाव की जागा? खांबामागे, कुंडीशेजारी उभं असलेलं गलबत डोळ्यांपुढे आलं आणि जीव तळमळला. पण जागा आज आहे, उद्या लॉबी बदलली की नाही. नाव मात्र फोटोबरोबर घरोघरी जाणार. मी म्हटलं, "सांग त्यांना, ती होडी चाच्यांची नाही. तिच्या पाटीवर काय लिहायचं ते मी सांगणार. एवढंच."

आणि मग का ते सांगितलं. तांडेलाची सगळी गोष्ट सांगितली. विन्सेंट अरबीत सांगत होता आणि मी हातांनी गलबत वल्हवत होतो. अबू खालिदांनी मधे एकच प्रश्न विचारला, "वारा कसा होता?"

"पडलेला. मतलई सरलेली, खारा सुटायचा होता."

अबू खालिदांनी काठी गालिच्यावर आपटली आणि ते खळखळून हसले. शेजाऱ्याला हाताने दाखवलं, जहाज असं, होडी अशी, पाठीमागून. मग माझ्याकडे वळून बराच वेळ बोलले. विन्सेंट थांबत थांबत सांगत गेला.

"म्हणतायत, इथून खालच्या किनाऱ्याला इंग्रज आपल्या नकाशात चाच्यांचा किनारा म्हणायचे. आमच्या बापजाद्यांनाही तेच नाव दिलं होतं. ती पाटी मी स्वतः वाचली नव्हती, ऐकलं तेच बोललो, ते चुकलं. तुझं मागणं मान्य. पण कॉफी गार झाली. दुसरी घे."

मी दुसरा कप घेतला आणि प्यायलो. कडू होती, पण चांगली होती. खोलीत पुन्हा बोलणं सुरू झालं. अबू खालिद वाकून आणखी काहीतरी म्हणाले आणि विन्सेंट लाजल्यासारखा हसला.

"काय?"

"म्हणतायत, रागावलेल्या माणसाचा चेहरा मला ओळखता येतो आणि मागायला आलेल्याचाही. तू कप कशासाठी ठेवलास ते मी बघितलं. पण माझ्या मजलिसीत खाली ठेवलेल्या कपाचा अर्थ एकच."

मी मान खाली घातली. आयुष्यभर मी समजत आलो की सौदा करावा तर दत्तारामाने. या माणसाने मी केलेला अपमान उचलला, त्याचं मागणं केलं आणि तेही पुरवलं.

"आणि एक अट," विन्सेंट म्हणाला. "दोन्ही जहाजं पूर्ण बांधून द्यायची. मोठंसुद्धा. म्हणतायत, माझ्या छपराखाली दोघंही पाहुणे आहेत."

"कबूल," मी म्हटलं आणि कप हलवला.

पुन्हा लुसैल

कबूल म्हटलं खरं, पण दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या जहाजासमोर उभा राहिलो तर हात चालेनात. माझं गलबत मागे कुंडीजवळ. तिथे जाऊन उकिडवा बसलो, गलबताच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, डोळा लावला आणि समोर बघितलं.

समोर मोठ्या जहाजाची पाठ. सुकाणू थेट नजरेच्या रेषेत. बाजूच्या तोफा इकडे वळत नाहीत.

तांडेल जिथे जाऊन भिडला होता, तीच ही जागा. आणि मी मूर्ख ती बदलून मागणार होतो!

गलबताचं तोंड एवढंसं फिरवलं, सुकाणूवर नेम धरून. वल्ही बाहेर काढली, सगळी पाण्यात बुडण्याच्या बेतात. मग मोठ्या जहाजाच्या शिडांची पेटी घेऊन अबू हमूरला आलो. शिडं वाऱ्याने फुगलेली दिसावीत म्हणून आम्ही त्यांना तांदळाची खळ देऊन साच्यावर वाळवतो. मी ती सगळी सुजाताच्या बाथटबात भिजत घातली.

"मामा, ह्या काय भिजत घातल्यात टबात?"

"शिडां. हात लावू नको."

"मगे आंघोळ खंय करूची आमी?"

"बादलीन कर. वेंगुर्ल्यात करी होतस ना?"

संध्याकाळी महेशराव ऑफिसातून आले ते टाय सोडत सरळ बाथरूममध्ये गेले आणि तसेच बाहेर आले. बिचाऱ्यांनी बादली मागितली. नाशिककर माणूस, जावई असला तरी सोशिक.

खळ निघाली, शिडं मऊ झाली. मग मी ते जहाज बांधायला घेतलं आणि मनापासून बांधलं. एक गाठ ढिली नाही, एक दोर चुकलेला नाही. अट पूर्ण बांधायची होती. वारा किती असावा, याबद्दल कुणी काही बोललेलं नव्हतं.

शेवटची शिडं चढली तेव्हा सगळे लॉबीत जमले होते. सुजाताही आली होती. पाटी आदल्या दिवशीच बदलली होती, अरबी आणि इंग्रजीत. सुजाताने मोठ्याने वाचून मराठीत सांगितलं, "आपला किनारा राखणारं गलबत." मी तिला पुन्हा वाचायला लावलं. ऐकू आलं होतं, तरीही.

रीम मॅडम मोठ्या जहाजाभोवती फिरल्या. डोलकाठ्यांवरून शिडं ओल्या पंच्यांसारखी लोंबत होती.

"मिस्टर दत्ताराम, ही अशी मरगळलेली का?"

"मिनिमल," मी म्हटलं.

विन्सेंट छताकडे बघायला लागला. मॅडम काही बोलणार, इतक्यात काचेचं दार उघडलं आणि अबू खालिद काठी टेकत आत आले. सरळ चौथऱ्यासमोर थांबले आणि वर बघितलं. पहिल्या डोलकाठीपासून तिसरीपर्यंत ती लोंबलेली शिडं नजरेने मोजली. मग जहाजाला वळसा घालून मागे गेले, खांबाजवळ, आणि त्या वयात गुडघ्यावर हात टेकून गलबताच्या उंचीला वाकले. वल्ह्यांकडे बघितलं. गलबताची नाळ कुठे रोखली आहे ते बघितलं. काठी उचलून हवेत एक रेघ ओढली, गलबतापासून थेट मोठ्याच्या सुकाणूपर्यंत.

"खलास," ते म्हणाले.

विन्सेंट सांगायला पुढे झाला. मी त्याला हाताने थांबवलं. एवढं अरबी मला कळत होतं.